जुन्या भूतकथा आता कोणाला घाबरवतात का? (आणि एका गुंडाळलेल्या गादीची गोष्ट)

चिंचबन | १८ मे, रात्री ९:५०

मे महिन्यात माहेरी गेले की रात्री भाच्यांना गोष्ट सांगायची, ही माझी ठरलेली ड्यूटी. घर गुहागरच्या अलीकडे, मागे पोफळी आणि पुढे उतरता रस्ता. यंदा तिघंही एकदम मोठी झालेली दिसली. थोरला सतरा वर्षांचा, ओठावर मिशी. त्याने आधीच बजावलं, "आत्या, या वेळी खरंच भीती वाटेल असं काहीतरी सांग. मागच्या वर्षीची हडळ पार फ्लॉप होती."

म्हणून मी ठेवणीतली काढली. एम. आर. जेम्सची शिट्टीची कथा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा गृहस्थ केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात वर्षानुवर्षं राहिलेला, जुन्या हस्तलिखितांत बुडालेला विद्वान. नाताळच्या आदल्या रात्री मित्रांना आपल्या खोलीवर बोलावून मेणबत्तीच्या उजेडात स्वतःच्या कथा वाचून दाखवायचा. त्यातल्या काहींचं १९०४ साली पुस्तक झालं, त्यातली ही.

पार्किन्स नावाचा एक तरुण प्राध्यापक. नीटनेटका, भुताखेतांचं नाव काढलं तरी चिडणारा. सुट्टीत गोल्फ खेळायला समुद्रकाठच्या गावी जातो. हॉटेलात एकट्याची खोली शिल्लक नसते, म्हणून दोन खाटांची घ्यावी लागते. किनाऱ्यालगतच्या पडक्या अवशेषांत त्याला धातूची एक जुनी शिट्टी सापडते. तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलेलं असतं, "हा कोण येतो आहे?" रात्री खोलीत बसून तो ती वाजवतो. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते, की शेवटी त्या दुसऱ्या, रिकाम्या खाटेवर काहीतरी उठून बसतं. त्याला अंग म्हणून असते ती खाटेवरची चादर, आणि चेहऱ्याच्या जागी चुरगळलेलं कापड. त्याला दिसत नाही. ते चाचपडत शोधतं.

मी इंग्रजी पुस्तक समोर ठेवून तोंडाने मराठी करत गेले. इन्व्हर्टरवर पंखा घरघरत होता, वहिनी डासांची बॅट फिरवत होती, मधूनच तड्‌ तड्‌. गोष्ट संपल्यावर थोरला म्हणाला, "मग? एवढंच? चादर? आत्या, चादरीचं भूत म्हणजे कॉमेडी झाली." मधलीने जांभई दिली. धाकट्याने विचारलं, "शिट्टीचं नंतर काय केलं?" समुद्रात फेकली म्हटल्यावर तो म्हणाला, "विकायची ना." विषय संपला. मी मनातल्या मनात शतकभराच्या इंग्रजी परंपरेला मूठमाती दिली.

साडेबाराला पाणी प्यायला उठले. थोरला मागच्या खोलीत झोपतो, तिथे दोन खाटा आहेत. दार अर्धवट उघडं होतं. दुसऱ्या खाटेवरची चादर काढलेली, उशी काढलेली, गादी गुंडाळून सुतळीने घट्ट बांधून भिंतीशी उभी केलेली. खाटेच्या नुसत्या पट्ट्या. महाराज भिंतीकडे पाठ करून, तोंड त्या खाटेकडे करून झोपलेले.

सकाळी वहिनीने विचारलं, "ही गादी कोणी रे गुंडाळली?" तर म्हणे, ढेकूण बघत होतो.

आता माझा प्रश्न. ही गोष्ट पडली की चालली? आपण "घाबरवते का" विचारतो तेव्हा वाचताना अंगावर काटा येतो का, एवढंच बघतो. त्या मोजमापाने शंभर वर्षांपूर्वीचं जवळजवळ सगळं नापास होईल. ड्रॅक्युला घ्या. १८९७ साली ज्यांनी तो पहिल्यांदा हातात घेतला त्यांना काउंट कोण आहे हे ठाऊक नव्हतं. आपल्याला मुखपृष्ठावरच ठाऊक असतं. पहिली चार प्रकरणं तो बिचारा वकील कोड्यात पडतो आणि आपण "अरे बाबा, पळ" म्हणत बसतो. ती भीती गेली, परत येणार नाही. पण गादी गुंडाळायला लावणारी भीती वेगळी असते का? तुमचे अनुभव लिहा. "भूत असतं का" हा वाद कृपया इथे नको.

टवाळ | १८ मे, रात्री १०:०४

मला हल्ली फक्त गृहकर्जाच्या हप्त्याचा मेसेज आला की भीती वाटते.

सोनचाफा | १८ मे, रात्री १०:११

टवाळ, हा विनोद प्रत्येक भुताच्या धाग्यावर येतो. एव्हाना त्याचाच समंध झाला असेल.

चिंचबन, ढेकूण वाचून हसून हसून पुरेवाट. वाचनखूण साठवली.

खारूताई | १८ मे, रात्री ११:३०

मी भयकथाकार नारायण धारपांवर वाढले. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात त्यांची पुस्तकं वेगळ्या फळीवर असायची, पुठ्ठा बांधलेली, पहिली दोन पानं हटकून गायब. त्यामुळे कित्येक कादंबऱ्यांची नावं मला मोठेपणी कळली. तेव्हा दुपारी वाचायचे, रात्री वाचायची छाती नव्हती, आणि तरी संध्याकाळी गच्चीवरचे कपडे आणायला धाकट्या भावाला लाच देऊन सोबत न्यायचे. एक गोळी जाताना, एक येताना.

मागच्या वर्षी सगळे परत आणले. समर्थ हा धारपांचा भूतबाधा सोडवणारा नायक, त्याच्या कथा तर आता चक्क धीर देतात. समर्थ आले, बसले, सगळं समजून घेतलं, म्हणजे काम झालंच. डॉक्टर घरी आल्यासारखं वाटतं. भीतीची कथा म्हणून त्या माझ्यापुरत्या संपल्या. पण ज्यांत कोणी सोडवायला येत नाही, घरातलंच माणूस हळूहळू परकं होत जातं, अशा जागा अजून तशाच्या तशा आहेत. मतकरींच्या गूढकथांचंही तेच. तिथे पुष्कळदा भूत नसतंच, एखाद्या चाळीतल्या बिऱ्हाडातलं माणूस असतं. दहाव्या वर्षी मला ते "कमी भीतीचं" वाटायचं. आता पन्नाशीत ते पुस्तक मी नवरा टूरवर असताना काढत नाही.

बरं, हेच मतकरी 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चेटकीणही लिहितात आणि पोरं तिच्यावर खूश होऊन टाळ्या वाजवतात. घाबरवायचं कधी आणि हसवायचं कधी, हे त्या माणसाला पक्कं कळत होतं.

कळफलक | १९ मे, सकाळी ८:१५

धारपांबद्दल आदर ठेवून: लुचाई ही स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, शपथ 'इट'वर. मराठी अभिजात भूतकथा म्हणून त्यांचं नाव घेताना हे सांगायला हवं.

खारूताई | १९ मे, सकाळी ९:०२

सांगितलंत, बरं झालं. पण परक्या गावातलं भूत उचलून आपल्या गावात आणून बसवलं की ते आपोआप घाबरवत नाही. किंग वाचून मला अमेरिकेतल्या तळघराची भीती वाटत नाही, आमच्या घराला तळघरच नव्हतं. धारप वाचून मला आमच्याच माडीवरच्या अडगळीच्या खोलीची वाटली. ते काम त्यांचं.

कळफलक | १९ मे, सकाळी ९:२०

मुद्दा मान्य. तुंबाडच्या बाबतीतही असंच झालं. धारपांची 'आजी' किंगच्या कथेवरून, आणि त्या 'आजी'चा धागा पकडून राही बर्वेंनी २०१८ साली सिनेमा केला तो थेट कोकणातल्या पावसात आणि हावरटपणात. तिसऱ्या हातात गेल्यावर ते भूत पूर्ण इथलं झालं. आता उगम विचारत बसण्यात अर्थ नाही.

टवाळ | १९ मे, सकाळी ९:२४

थोडक्यात, भुतालाही रहिवासी दाखला मिळतो.

बापू_माडाखालचो | १९ मे, दुपारी १:४०

मी वेंगुर्ल्याकडचा. तुमच्या इंग्रजी भुताबद्दल वाचून एक गोष्ट डोक्यात आली.

आमच्याकडे भूत ही शेजाऱ्यासारखी बाब आहे. त्याची हद्द ठरलेली, वेळ ठरलेली, खाणं ठरलेलं. राखणदाराला नारळ दिला, कोंबडा दिला, गाऱ्हाणं घातलं, "होय म्हाराजा" म्हटलं की व्यवहार पुरा. आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याची भलीमोठी चप्पल वाहतात, केळ्यांचा घड देतात. देव रात्री गावभर राखणीला फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणजे मूळचा वेताळ, भुतांचा राजा, आणि आमच्यासाठी तो नाईट ड्यूटीवरचा गुरखा. त्याची भीती काय वाटणार? उलट तो नसला तर वाटेल.

माझी आजी मला एवढंच म्हणायची, "झिला, तिनसांजेक पिपळाखाली कित्याक उभो ऱ्हवतंस? घराक ये." पिंपळावर मुंजा, हे मला माहीत होतं. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला तो मुंजा. तो त्रास देतो, पण त्याला काहीतरी हवं असतं. आता तर त्याच्यावर हिंदी सिनेमा आला आणि लोक पॉपकॉर्न खात बघून आले.

तुमच्या त्या चादरीला मात्र काय हवंय ते कुठेच लिहिलेलं नाही, बरोबर? तिला नारळ देऊन भागेल का? भागणार नाही. भाच्याने गादी बांधली ती त्यामुळे. तोडगा नसलेलं भूत आम्हाला परवडत नाही.

चिंचबन | १९ मे, दुपारी २:१५

बापू, दंडवत. हे मला सुचलं नव्हतं. जेम्सने स्वतः असं लिहून ठेवलंय की भूत दुष्टच असलं पाहिजे, आणि वाचणाऱ्याला असं वाटलं पाहिजे की जपून राहिलो नाही तर हे माझ्याही बाबतीत होईल. पण काय हवंय ते न सांगणं, ही त्याची खरी खोडी. पार्किन्सने कोणाचा खून केलेला नाही, कोणाची जमीन बळकावलेली नाही. शिट्टी वाजवली, बस. आपल्याकडे एवढ्या कारणावरून कोणी झपाटत नाही. आधी पत्रिका बघतील.

जुनाबाड | १९ मे, रात्री ८:५०

बापूंच्या मुद्द्याला कागदोपत्री आधार देतो, अवांतर वाटलं तर वगळा.

कोकणातल्या भुतांची सगळ्यात भरगच्च यादी एका इंग्रज अधिकाऱ्याच्या कागदांत सापडते. ए. एम. टी. जॅक्सन. होय, तोच, नाशिकचा कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात शारदेचा प्रयोग बघायला आला असताना अनंत कान्हेरेने गोळ्या घातल्या. संस्कृतचा अभ्यासक म्हणून लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. त्याने जमवलेल्या लोकसमजुतींचं साहित्य त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने संपादून काढलं. माहिती पुरवली होती ठाणे, कुलाबा, रत्नागिरी जिल्ह्यांतल्या गावोगावच्या शाळामास्तरांनी. साहेबाचे प्रश्न आले, मास्तरांनी उत्तरं लिहून पाठवली. एखाद्या नोंदीखाली नुसतं "शाळामास्तर, अमुक गाव" असतं.

त्यात वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, चेडा, जखीण, लावसट, हडळ, सगळी मंडळी ओळीने हजर आहेत. कोण कुठल्या जातीचं, कसं मेल्यावर काय होतं, कुठे राहतं, काय खातं. वाचताना भीती अजिबात वाटत नाही. तलाठ्याच्या दप्तरासारखं आहे ते. कोणाच्या नावावर कुठलं झाड, एवढंच.

पण मला त्या मास्तरांची गंमत वाटते. दिवसा पोरांना भूगोल शिकवणारा माणूस संध्याकाळी कंदील लावून सरकारी कागदावर लिहितोय की आमच्या गावच्या ओढ्यात गिऱ्हा आहे. त्याने ते कुठल्या चेहऱ्याने लिहिलं असेल? हसत, की आजूबाजूला बघत? त्या मास्तरावर कोणी कथा लिहिली तर ती मी रात्री वाचणार नाही.

सोनचाफा | १९ मे, रात्री ९:०५

जुनाबाड, लिहा ना तुम्हीच! पुढील लेखनास शुभेच्छा.

अप_डाऊन | १९ मे, रात्री ११:४५

मी सहसा नुसता वाचतो. आज लिहितो कारण विषय माझ्या खात्यातला निघाला. मी निवृत्त स्टेशन मास्तर. ३४ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी अशा स्टेशनांवर जिथे रात्री तुम्ही, रूळ बदलणारा पॉइंट्समन आणि कुत्रा, एवढेच जिवंत.

डिकन्सची सिग्नलमनची कथा माझ्या मुलीने मला वाचायला दिली. १८६६ ची आहे. खोल खोदलेल्या कटिंगमध्ये, बोगद्याच्या तोंडाशी एका माणसाची केबिन. त्याला बोगद्यापाशी एक आकृती दिसते, एक हात तोंडावर आडवा धरलेला आणि दुसरा हात जोरजोरात हलवत "बाजूला व्हा" करणारी. ती दिसली की काही काळाने लाईनवर कोणीतरी मरतं. दोनदा झालंय. आता ती तिसऱ्यांदा दिसायला लागलीय.

मुलीला ती "जरा संथ" वाटली. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि भुतामुळे नाही. कथेत तो सिग्नलमन पाहुण्याला सांगतो, मी दोन्ही बाजूंना धोक्याचा संदेश पाठवला तर कारण काय देऊ? ते विचारतील, कसला धोका, कुठे? मी म्हणणार, माहीत नाही, पण कृपा करून सांभाळा. मला वेडा ठरवून कामावरून काढतील. पाहुणा शिकलेला आहे, भला आहे, त्याला दिलासा देतो. आणि तो दिलासा काहीएक कामाचा नाही.

हे ज्याने लाईन क्लियर, म्हणजे गाडी येऊ देण्याची परवानगी, दिलेली आहे त्यालाच कळेल. रेल्वेत सगळ्याचं एक रूप ठरलेलं असतं. किती ठोके म्हणजे काय, कुठला झेंडा, कुठल्या रजिस्टरात कुठल्या शाईने. "मला उगाच वाटतंय" याला ठोका नाही.

एक प्रसंग सांगतो. सिंगल लाईनचा सेक्शन होता, नील्स टोकनचं यंत्र, म्हणजे दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी सोडू देणारं. रात्री अडीचच्या सुमाराला यंत्राची घंटी एकदा वाजली. एक ठोका म्हणजे लक्ष द्या, बोलायचंय. मी फोन उचलला, पलीकडच्या स्टेशनच्या मास्तरला विचारलं, "बोला साहेब." तो म्हणाला, "मी कुठे वाजवली? तुम्हीच आत्ता वाजवली की." दोघंही गप्प. दोन स्टेशनांमध्ये फक्त तारा आणि अकरा किलोमीटर अंधार. तारांमध्ये असं होतं कधी कधी, मला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक होतं. मग तो म्हणाला, "डायरीत लिहिणार का?" मी विचारलं, "काय लिहू?" दोघांनीही लिहिलं नाही. सहाला चार्ज दिला, घरी आलो, चहा प्यायलो. बायकोलासुद्धा निवृत्तीनंतर सांगितलं.

डिकन्स स्वतः ९ जून १८६५ ला स्टेपलहर्स्टच्या अपघातात सापडला होता. पुलावरचे रूळ दुरुस्तीसाठी काढलेले, गाडीची वेळ मुकादमाने चुकीची वाचलेली, आणि लाल झेंडेवाला नियमापेक्षा फारच जवळ उभा केलेला. १० माणसं गेली. डिकन्सचा डबा पुलावर लटकून वाचला, आणि तो खाली उतरून जखमींना पाणी आणि ब्रँडी पाजत राहिला. त्यानंतर दीड वर्षाने ही कथा. बरोबर पाच वर्षांनी, ९ जूनलाच, तो वारला. या तारखेवर मी काही म्हणत नाही.

त्यामुळे "आधुनिक वाचक घाबरतो का" यावर माझं उत्तर: कोण वाचक, काय काम करणारा, ते आधी सांगा.

खारूताई | २० मे, सकाळी ७:३०

अप_डाऊन काका, "काय लिहू?" यावर अडकून बसले आहे. चहा निवला.

निशाचर९ | २० मे, सकाळी १०:१०

मी लोकोपायलट नाही की मास्तर नाही, आयटीत आहे, पण नाईट शिफ्टला सर्व्हर रूमचा अलार्म कोणी न लावता वाजतो तेव्हा आमच्याकडे "फॉल्स पॉझिटिव्ह" (खोटा इशारा) असा कॉलम असतो. त्यात टाकलं की झोप येते. त्या सिग्नलमनकडे तो कॉलम नव्हता.

सफोककर | २० मे, दुपारी ४:०५

इंग्लंडातून. योगायोग म्हणा, मी इप्सविचला राहतो आणि चिंचबनच्या शिट्टीचं गाव इथून अर्ध्या तासावर आहे. कथेत नाव बदललंय, पण जेम्सने नंतर सांगून टाकलं की ते फेलिक्सस्टो. आता तिथे देशातलं सगळ्यात मोठं कंटेनर बंदर आहे. रात्री क्रेनच्या दिव्यांनी आकाश पिवळं. भुताला लपायला जागा नाही.

तरी एक सांगतो. किनारा वाळूचा कमी, गोट्यांचा जास्त, आणि वाळू वाहून जाऊ नये म्हणून ठरावीक अंतरावर समुद्रात शिरणारे लाकडी बांध घातलेले. कथेत पार्किन्सला एक दृश्य दिसतं, एक माणूस ते बांध ओलांडत धापा टाकत पळतोय आणि मागून काहीतरी फिकट, फडफडणारं येतंय. वाचताना मला ते बांध म्हणजे नुसतं वर्णन वाटलं होतं. जानेवारीत चार वाजता अंधार पडतो तेव्हा मी तिथे चालत गेलो. प्रत्येक बांध ओलांडताना खाली बघावं लागतं, पाय घसरतो. म्हणजे दर पन्नास-साठ पावलांनी मागे काय आहे ते बघायचं राहून जातं. मी तिसऱ्या बांधावरून परत फिरलो. बायकोला सांगितलं, वारा फार होता. (वारा होताही.)

बापू_माडाखालचो | २० मे, दुपारी ४:३०

सफोककर, पुढच्या वेळी एक नारळ घेऊन जावा. चालला तर चालला.

स्क्रोलबाई | २० मे, रात्री १०:२०

मी इथल्या सगळ्यांपेक्षा लहान असेन (२३), म्हणून दुसरी बाजू. माकडाच्या पंजाची गोष्ट आम्हाला कॉलेजात होती. १९०२ ची. हिंदुस्थानातून आलेला सार्जंट तो पंजा आणतो, फकिराने मंतरलेला. पहिली इच्छा दोनशे पौंड, आणि मुलगा यंत्रात सापडून मेल्याची भरपाई म्हणून नेमके तेवढेच मिळतात. मग आई मुलाला परत माग म्हणते आणि रात्री दार वाजतं. वर्गातला पहिला प्रश्न होता, डोअरबेलला कॅमेरा नाही का? सगळे हसले. खरंच आहे, दाराबाहेर कोण ते फोनवर दिसलं तर ती कथा अर्ध्या मिनिटात संपते. निम्म्या जुन्या कथा मोबाईलच्या टॉर्चने मरतात.

पण दुसरं सांगते. आमचे आबा गेले त्याला आठ महिने झाले होते. फॅमिली ग्रुपवर त्यांचा नंबर तसाच होता, काढायला कोणाचा हात होत नव्हता. एका रात्री आम्ही सगळे ग्रुपवर कोणाच्या तरी साखरपुड्याच्या साड्या बघत होतो आणि मध्येच करड्या अक्षरांत ओळ आली की आबा ग्रुपमधून बाहेर पडले. नंबर बरेच दिवस वापरात नसला की असं होतं, मला माहीत आहे, मी ग्रुपवर लगेच लिहिलंही. कोणी उत्तर दिलं नाही. काकूने साडीचा पुढचा फोटो टाकला नाही. दहा मिनिटांनी बाबांनी नुसता हात जोडलेला इमोजी टाकला.

तेव्हा मला माकडाच्या पंजातली आई कळली. ती घाबरलेली नसतेच. ती दाराची कडी काढायला धावते. घाबरलेला बाप असतो. परीक्षेत मी उलट लिहिलं होतं.

सोनचाफा | २० मे, रात्री १०:४१

(निःशब्द.)

जुनाबाड | २१ मे, सकाळी ६:५५

स्क्रोलबाईंचं वाचून चांदोबातलं चित्र आठवलं, शंकर यांनी काढलेलं. राजा विक्रम, हातात तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती स्मशान. वर्षानुवर्षं दर महिन्याला तेच. आत कथा काय, तर न्यायनिवाडा: खरा नवरा कोण, श्रेष्ठ कोण. ती वाचून कोणी घाबरलं नाही. पण माणूस मढं खांद्यावर घेऊन चाललाय, ते मढं त्याच्याशी गप्पा मारतंय, आणि आपण दुपारी भडंग खात ते वाचतोय, हे आत्ता ४० वर्षांनी जाणवलं.

चिंचबन | २१ मे, सकाळी ११:३०

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

अप_डाऊन काकांचं "कोण वाचक" मला पटलं, पण त्याला एक जोड देते. पुस्तक परत काढून शेवट वाचला, कारण भाच्यांना सांगताना मी तो घाईत गुंडाळला होता (गादीसारखा). पार्किन्स वाचतो. शिट्टी समुद्रात जाते, चादर जाळतात, तो कामावर परत जातो. आणि मग जेम्स अगदी सहज सांगतो, की आता दारावर लटकवलेला पाद्र्याचा झगा दिसला तरी तो बिचकतो, आणि हिवाळ्यात संध्याकाळी शेतातलं बुजगावणं दिसल्यामुळे त्याच्या एकाहून जास्त रात्री बिनझोपेच्या गेल्यात. म्हणजे कथेतली खरी शिक्षा कथा संपल्यावर सुरू होते, त्याच्यासाठीसुद्धा. हे वाक्य मी पोरांना वाचूनच दाखवलं नव्हतं. थोरल्याने ते स्वतःच करून दाखवलं.

काल वहिनीचा फोन होता. गादी अजून बांधलेलीच आहे. पाहुणे आले तेव्हा त्याने त्यांना स्वतःची खाट दिली आणि आपण ओटीवर झोपला. उकडतं म्हणे. ओटीवर पंखा नाही.

कळफलक | २१ मे, दुपारी १२:१०

संस्कारी मुलगा.

निशाचर९ | २१ मे, दुपारी १२:४०

एक भर: हल्ली मी या कथा कानात इअरफोन घालून ऐकतो. छापील वाचताना नजर पुढच्या ओळीवर पळते, शेवट डोळ्याच्या कोपऱ्यात दिसतो. ऐकताना पुढे पळता येत नाही. जेम्स मित्रांना वाचून दाखवायचा हे इथे वाचल्यावर उमगलं, त्या कथा मुळात कानासाठीच होत्या. रात्री भांडी घासताना ऐकू नका, एवढा सल्ला. नळ बंद केल्यावर जी शांतता होते ती वाईट असते.

टवाळ | २२ मे, रात्री २:१२

ती शिट्टीची कथा वाचली. ठीक आहे. एक तांत्रिक शंका. पहिल्या रात्रीनंतर मोलकरीण सांगते की दोन्ही खाटा कोणीतरी वापरल्यासारख्या होत्या, दोन्ही आवराव्या लागल्या. मग बाहेरच्या एका पोराला त्या खोलीच्या खिडकीतून काहीतरी हात करताना दिसतं. मग हे वर जाऊन बघतात तर दुसऱ्या खाटेवरचं अंथरूण पिळून पडलेलं. हॉटेलात एक कर्नल उतरलाय, तो म्हणतोय हाक मार. एवढं सगळं झाल्यावर हा माणूस पुन्हा त्याच खोलीत झोपतो? कर्नलच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचं. हॉटेलवाल्याशी भांडायचं. दुसरी खाट बाहेर काढा म्हणून सांगायचं. काहीही करता आलं असतं.

चिंचबन | २२ मे, सकाळी ७:०५

टवाळ, तुम्ही ती किती वाजता वाचलीत?

टवाळ | २२ मे, सकाळी ७:०९

त्याचा इथे काय संबंध.